मारून राहिला

माझ्या समोरच्या दातांपैकी एक माझा नाही. मूळचा बहिणीने पाडला. त्याच्या जागी डॉक्टरांनी बसवलेला अकोल्यात पडला, आणि आत्ता जो आहे त्याचा मी कुणाला भरवसा देत नाही. बहिणीची व्यावसायिक टेनिसपटू म्हणून कारकीर्द कशी झाली, असं कुणी विचारलं की मी आधी तोंड उघडून दाखवतो.

टेनिस खरं तर मी खेळणार होतो. बाबांनी रॅकेट माझ्यासाठी आणली होती. अमरावतीत आमच्या घरामागे काळ्या मातीवर मुरूम पसरून, रोलर फिरवून एक कोर्ट केलेलं होतं. उन्हाळा आला की खालची काळी माती मुरमाला विचारत नसे. सरळ भेगा. भेगेत पडलेला बॉल डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल की परत बाबांकडे जाईल, हे कुणालाच सांगता येत नसे. मी बिचारा टप्प्याची वाट बघत उभा. बहीण तेव्हा नऊ वर्षांची, बॉल गोळा करायला यायची. एकदा मी माठाकडे पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात तिने रॅकेट उचलली. बाबांनी गंमत म्हणून बॉल टाकला. तिने टप्प्याची वाटच पाहिली नाही, हवेतच घेतला. मी पाणी पिऊन, तिची फजिती बघायला तोंड पसरून हसत येत होतो. बॉल आला तो थेट दातावर.

रक्ताने भरलेलं तोंड धरून मी बाबांकडे धावलो. बाबा म्हणाले, "पायलं का बे, कशी मारली तिनं!"

माझी कारकीर्द तिथेच संपली. रॅकेट माझ्याकडे परत आली नाही. पुढे मी तिच्या बॅगा उचलल्या, बाटल्या भरल्या, रॅकेटच्या तारा ओढून आणल्या, आणि सामन्याआधी तिला सरावाला कुणी मिळालं नाही तर नेटपलीकडे उभा राहून छाती दिली.

आमच्या घरात एक शब्द होता. लोक टेनिस खेळतात, आम्ही मारायचो. "चाल, मारू." "आज कोणासंग मारलं?" "बाबा तिले रोज मारते." आम्हाला यात काही वावगं वाटत नसे. मग एकदा भाजीच्या गाडीपाशी बाबा कौतुकाने कुणाला तरी सांगू लागले, "पोट्टीले रोज सकाळी उठवून मारतो. काल तं अशी मारली, अशी मारली, का माहाच हात सुजला!" शेजारच्या काकू मेथी निवडत होत्या. त्या मेथी तिथेच टाकून आमच्या घरी आल्या. आईला म्हणाल्या, "बाई, पोट्टी सख्खीच आहे ना तुमची?" मग बहिणीला जवळ घेऊन तिचा फ्रॉक वर केला, तर मांडीवर बॉलचा चांगला जांभळा वळ. काकूंनी बाबांना त्या दिवशी जे काही ऐकवलं, ते मी इथे लिहीत नाही. बाबा नुसते "अहो बॉल, बॉल" करत राहिले. बहीण काकूंच्या मांडीवर बसून गूळ खात होती. तिने मुद्दामच खुलासा केला नाही.

ती मोठी झाली, पुण्याला गेली, मग परदेशात. व्यावसायिक टेनिसपटू म्हटलं की लोकांना टीव्ही दिसतो. मी तिच्याबरोबर ट्युनिशियाला गेलो तेव्हा मला दिसली बर्फाने भरलेली कचऱ्याची बादली. तीत पाय बुडवून ती दात आवळत होती आणि पायाच्या काळ्या पडलेल्या नखांचे तुकडे वर तरंगत होते. जगाच्या यादीत तिचं नाव होतं, पण मोबाइलवर तिथपर्यंत यादी सरकवत जायचं तर अंगठा दुखायचा. हरली की ती रॅकेट जमिनीवर आपटायची. तारा तुटलेल्या तशा एका रॅकेटने आई अजून माळ्यावरचे डबे ओढते. शेवटी खांदा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, फार तर एक हंगाम.

त्या हंगामात अकोल्याला स्पर्धा होती. जिंकणारीला पुण्याच्या मोठ्या स्पर्धेत वाइल्ड कार्ड, म्हणजे रँकिंग न बघता थेट प्रवेश. त्या स्पर्धेत परदेशातल्या नावाजलेल्या मुली येतात. बहीण आयुष्यभर तिच्या दारापर्यंत जाऊन परत आलेली. इकडे अमरावतीतल्या एका शाळेने मुलांना शिकवायला ये म्हणून विचारलं होतं. तेव्हा हिशोब सोपा होता. अकोल्यात जिंकली तर पुणे, नाही तर शाळेची शिट्टी.

उपांत्यपूर्व सामना अकोटच्या एका पोरीशी पडला. सोळा-सतरा वर्षांची, काटक, हातात बंदूक असावी तशी सर्व्हिस. तिचा बाप कोर्टाभोवतीच्या जाळीला बोटं अडकवून उभा. प्रत्येक बॉलला ओरडायचा, "मार! मार तिले!" मी कशाला मागे राहतो? दुसऱ्या बाजूने मीही सुरू, "मार! सोडू नको!" मध्ये कोर्टावर सामना आणि जाळीवर आमची जुगलबंदी. तो ओरडला की मी त्याच्याहून वरच्या पट्टीत. मला वाटलं, वा, हा आपल्यासारखाच माणूस.

सामना माराचाच झाला. बहिणीने दोनदा बॉल पोरीच्या अंगावर मारला. एक पोटात बसला, पोर वाकली, पण रडली नाही. उलट पुढचाच बॉल तिने बहिणीच्या दुखऱ्या खांद्याकडे फेकला. तिसऱ्या सेटमध्ये बहीण कशीबशी जिंकली. हात मिळवताना पोर तिच्याकडे बघतच नव्हती, तिच्या मागे जाळीकडे बघत होती.

खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बहीण माझ्याजवळ येऊन बसली. "दादा, ते पोट्टी माह्याशी नव्हती खेळून राहिली. बापाशी खेळून राहिली होती."

मी म्हणालो, "असा बाप पायजे! काय जोर लावते गडी!"

बर्फ वितळला होता, तो बदलायला बहीण पाण्याच्या पेटीकडे गेली.

मांडवात स्पर्धेचे मुख्य पंच बसले होते. पुण्याचे, मृदू बोलणारे गृहस्थ. कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागून आवाज येत होता. फट्. मग थोडं थांबून पुन्हा फट्. पंचांनी विचारलं, "मागे कसला आवाज येतोय हो?"

नेट गुंडाळत असलेला माणूस खाली बघत म्हणाला, "बाप पोट्टीले मारून राहिला जी."

पंचांच्या कपाळावर आठी पडली. त्यांना वऱ्हाडी कळलं नसावं, असं मला वाटलं, आणि दुभाष्या व्हायची मला लहानपणापासून हौस.

"काही नाही सर, सराव! आमच्याकडे खेळण्याला मारणंच म्हणतात. हरली ना पोरगी, म्हणून लगेच मारून राहिला. हरल्या हरल्या मारलं की चूक डोक्यात पक्की बसते. मोठा शिस्तीचा बाप आहे, सर. आमच्या बाबांनीही हिला असंच मारून मारून वर आणलं."

पंच म्हणाले, "वा, चांगलं आहे." नेटवाला माझ्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, माझ्या बोलण्याने भारावला.

मागून बहिणीचा आवाज आला. "दादा, मागं कोर्ट कुठं आहे?"

"असंल ना."

"मागं भिंत आहे अन् नळ आहे, भैताडा!"

बर्फाची पिशवी माझ्या पायावर पडली. ती रॅकेट घेऊन धावत सुटली होती.

तिची बॅग उचलून मी मागोमाग पोचलो, तेव्हा जे पाहिलं ते सांगतो. पोर भिंतीकडे तोंड करून, दोन्ही तळवे भिंतीला टेकवून उभी होती. कुणी तिला धरलेलं नव्हतं. कसं उभं राहायचं, हे तिला माहीत होतं. बापाने उडी मारायची दोरी दुमडून हातात घेतली होती. दोरी वर जायची, पोर डोळे मिटायची. तोंडातून आवाज नाही.

बहीण म्हणाली, "ओ काका, थांबा."

"माही पोट्टी आहे," तो वळूनही न बघता म्हणाला. "तुमचं झालं ना जिंकून? निंगा." आणि त्याने हात पुन्हा उचलला.

तो हात खाली आलाच नाही. बहिणीने बॅकहँड मारला. मनगटावर. हाड वाजल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. दोरी पडली. तो हंबरला आणि डाव्या हाताने तिच्या गळ्याशी आला. तेव्हा मी मध्ये पडलो. शौर्य म्हणायचं तर म्हणा, पण माझे डोळे मिटलेले होते. मी तिच्या बॅगेतली दुसरी रॅकेट जिवाच्या आकांताने फिरवली ती नळावर. नळ तुटला, पाण्याची धार छतापर्यंत. पुढच्याच क्षणी त्याचा गुडघा माझ्या पोटात आणि त्याचं डोकं माझ्या तोंडावर. मी चिखलात बसलो. जिभेने चाचपून पाहिलं. तोच दात.

नेटवाल्याने आणि आणखी चौघांनी त्याला ओढून काढला.

मांडवात पंचांसमोर सगळे बसलो. त्याचा हात बहिणीच्याच बर्फात. पोर कडेच्या खुर्चीवर, बापाची पिशवी मांडीवर घेऊन.

पंच गोंधळले होते. "पण यांनीच तर मला सांगितलं, मागे सराव चालला होता म्हणून."

बापाचा चेहरा उजळला. "हाव सर! सरावच! पोरीला मारून देत होतो. आमच्याकडे मारणं म्हंजे खेळणंच, हे बी तेच सांगून राहिले ना!"

मी खुलासा करायला उठलो. पण दात नसल्यामुळे तोंडातून 'सर' निघेना, 'थर' निघे. रागाने आणखीच थुंकी उडायला लागली. शेवटी मी निर्वाणीचं अस्त्र काढलं. "थर, त्याच्या हातावर मी मारलं. हिनं नाही."

पंचांनी सकाळी मला बहिणीला सराव देताना पाहिलं होतं. ते चष्मा पुसू लागले.

"यानं मारलेलं आजवर कुठं लागलं आहे सर?" बहीण म्हणाली. "नळ सोडून. मी मारलं."

पंच हळू आवाजात तिला म्हणाले, "हे बघा, गैरसमज झाला म्हणा, यांची माफी मागा. विषय इथेच संपेल. उद्या तुमचा उपांत्य सामना आहे. मारहाण कबूल केलीत, तर मला तुम्हाला स्पर्धेतून बाद करावं लागेल."

मी तिचा हात दाबला. "म्हणून टाक. पुणं आहे समोर. म्हणून टाक."

ती खांदा चोळत होती. मग तिने त्या पोरीकडे पाहिलं, आणि पंचांकडे.

"सर, पुण्यात तुम्ही ज्याला मारणं म्हणता ना, तेच. तो तेच मारून राहिला होता. आणि मीही तेच मारलं. बॉल कुठंच नव्हता."

कुणी काही बोलायच्या आत पोर खुर्चीवरून उठली. मांडीवरची पिशवी खाली पडली. ती वळली आणि पंचांकडे पाठ करून उभी राहिली. पांढरा टी-शर्ट पाठीला चिकटला होता, आणि तो पांढरा राहिला नव्हता.

पंच उभे राहिले. पोलिसांना फोन त्यांनीच केला. पोरीला विचारलं, घरी आणखी कोण आहे? बापापासून वेगळी झालेली आई अचलपूरला मामाकडे होती. मामाचा नंबर पोरीने तोंडपाठ सांगितला. पोलीस बापाला घेऊन गेले. मग पंच बहिणीला म्हणाले, "मला वाईट वाटतं, पण नियम..."

"हाव," बहीण म्हणाली आणि बॅग उचलली.

अमरावतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. मी तोंडावर रुमाल धरून तिच्या पुण्याबद्दल काहीतरी सांत्वनाचं जुळवत होतो. शेवटी तीच म्हणाली, "दादा, तो बॅकहँड पायला होता का?"

"हो."

"ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा खांदा दुखला नाही."

आणि ती खिडकीकडे तोंड करून रडली.

आता ती शाळेत शिकवते. तिच्या कोर्टावर एक नियम आहे. मारणे हा शब्द उच्चारायचा नाही. बॉल टोलवायचा, तडकवायचा, हवं तर धाडायचा. जो चुकेल त्याने कोर्टाला चक्कर मारायची, म्हणजे, घालायची. पोरं हळूहळू शिकली. सगळ्यात जास्त चकरा माझ्या.

पावसाळा संपता संपता अचलपूरच्या बसने आईबरोबर ती अकोटची पोर आली. फाटकापाशी मीच होतो. मला इतका आनंद झाला की नव्या दातासकट तोंड पसरून म्हणालो, "ये, ये! आता ताई तुले कशी मारते पाय!"

पोर मागे सरकली. पाठ भिंतीला लागली, आणि हात आपोआप वर आले.

बहिणीने ते पाहिलं. मला शिवी दिली नाही. पोरीच्या हातात रॅकेट दिली, खिशातले बॉल दिले आणि मला म्हणाली, "तू नेटच्या तिकडं उभा राह्य. तोंड बंद."

मी ओठ आवळून उभा राहिलो. पोरीची सर्व्हिस अजून तशीच होती. पहिलाच बॉल माझ्या बरगडीत बसला. डोळ्यांपुढे काजवे.

"चुकून लागला?" बहिणीने विचारलं.

पोरीने थोडा विचार केला आणि मान हलवली. नाही.

"छान. मग अजून एक मार."

बोलून गेल्यावर बहीण थबकली. पोर तिच्याकडे बघत राहिली. मग रॅकेटच्या टोकाने तिने कोर्टाची कड दाखवली.

"ताई, चक्कर."

बहीण धावायला लागली, आणि पोरीने दुसरा बॉल हवेत उडवला. मी दातावर हात ठेवला.