सुटलेली पार्सलं

पार्सल कंपनीत तिला सगळे डॅशबोर्डताई म्हणायचे. गोदामात माल किती आला, किती गेला, कुठं अडकला, हे साहेबांच्या केबिनमधल्या मोठ्या पडद्यावर एका नजरेत दिसावं, हे तिचं काम. घरी धाकटा भाऊ चिडवायचा, "ताई, रंगीत गोल काढायचा पगार घेतेस. आम्ही शाळेत काढले तर मार खायचो."

"तुझे गोल मास्तर काढायचे. तुझ्याच पेपरावर."

काम हातात घेताना ती प्रत्येकाला एकच विचारायची: हे बघून सकाळी तुम्ही नेमकं काय करणार? गोदामातल्या माणसांनी धडाधड उत्तरं दिली. साहेबांनी दिलं नाही.

"करायचं काय ते मी बघतो. तुम्ही गाडीत स्पीड दाखवतात तसे काटे टाका. आणि सगळं लाल ठेवा, कंपनीचा रंग आहे."

"लाल बघितलं की माणसाला वाटतं, काहीतरी बिघडलंय."

"मग आमची कंपनी बिघडलेली आहे का?"

भांडून तोंड दुखलं, पण शेवटी काटे बसले, लालभडक. तिच्या हातात उरले फक्त शब्द. ते तिनं गोदामातल्या तोंडांतून उचलले. माल गाडीत चढून फाटकाबाहेर पडला की तिथं म्हणतात, पार्सल सुटलं. म्हणून सगळ्यात मोठ्या काट्याखाली तिनं लिहिलं, 'सुटलेली पार्सलं'. एकदा सोबत बसून बघू या, म्हणून साहेबांकडे वेळही मागितला.

"वाचता येतं मला," साहेब म्हणाले.

पडदा लागला. थोड्याच दिवसांनी गोदाम सांभाळणारे मामा तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चेहरा पार उतरलेला.

"ताई, तुमच्या पडद्यानं माझी वाट लावली. उद्यापासून फाटकावर बसा म्हणाले."

"का?"

"साहेब म्हणतात, रोज ढिगानं पार्सलं सुटतात. मी म्हटलं, सुटणारच, आम्हीच सोडतो. तर म्हणाले, वर तोंड करून सांगताय?"

क्षणभर तिला कळेना. मग कळलं आणि डोकं फिरलं. मामा जितका जास्त माल रवाना करणार, तितका तो लाल काटा वर चढणार. ती मामांना घेऊन तडक केबिनमध्ये शिरली.

"साहेब, सुटलेली म्हणजे काय?"

"गाडीत चढवायची राहून गेलेली. विसरलेली."

"मामा, तुम्ही सांगा."

"गेलेली. रवाना झालेली."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग मामांकडे, मग टेबलावरच्या पेनाकडे. "मग शब्द नीट लिहायचा होता."

"वेळ मागितला होता. तुम्हाला वाचता येतं म्हणालात."

"बरं, शब्द बदला."

"शब्द बदलते. लाल जाईल, काटेही जातील. मामांचं काय?"

साहेबांनी उगाच पेन उघडलं, बंद केलं. "मामा, तुम्ही जा खाली. गोदाम बघा." माफीचा शब्द नाही. जणू मामाच वाट चुकून वर आले होते.

जिन्यात मामा म्हणाले, "आता काय लिहिणार?"

"निघालेली आणि राहिलेली."

"राहिलेली नको. साहेब वाचतील आणि म्हणतील, मामा अजून राहिलेत कसे. अडकलेली लिहा."

तिला हसू आलं नाही, अंगाची नुसती आग होत होती. एका शब्दापायी माणूस फाटकावर गेला असता, आणि वरच्या मजल्यावर कुणाचा चहासुद्धा गार झाला नसता. पण तिनं मामा म्हणाले तसंच लिहिलं. पडद्यावर टाकायच्या आधी कागद घेऊन ती पुन्हा साहेबांच्या दारात उभी राहिली.

"आता वेळ नाही," साहेब म्हणाले.

ती आत गेली, खुर्ची ओढली आणि बसली. "वाचा. आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ मला सांगा."