ओढणीतली पत्रकं

डीजेपुढे नाचताना शेजारच्या घरात कोण निजलंय, हे तुम्ही कधी विचारलंत?

आता राहते त्या सावेडीत आज जनरेटरच्या डिझेलचा वास आला आणि माझ्या काष्टी गावातली ती दुपार आठवली. गावात डीजे पहिल्यांदाच आला होता. बाबांनी वाटायला दिलेली आवाजाविरुद्धची पत्रकं ओढणीत बांधून मीच डीजेच्या टेम्पोपुढे बेभान नाचत होते. ठोके थेट छातीत पडत होते.

शेजारच्या सलमाचाची धावत आल्या. "बंद करा रे! आठ दिसांचं लेकरू हाय, दचकून गप पडलंय! आन् पत्रकवाले, तूबी व्हय गं?"

डीजे थांबला. त्या शांततेत आतून बाळाचा टाहो आला.

"रडतंय! लई ग्वाड रडतंय!" चाची हसल्या. माझा जीव भांड्यात पडला.

ठोका ऐकला की माझे पाय अजून थांबत नाहीत. तुम्हीही नाचा, फक्त आधी शेजारचं दार वाजवा.