चोंबूचे बेअरिंग

आमच्या घरातला कथलाचा चोंबू माझ्या बायकोने वितळवला नाही. मी वितळवला. याला बारा वर्षे झाली आणि आजवर मी हे कोणालाही सांगितलेले नाही. देवालाही नाही, कारण आमच्या देवघरात बोललेले स्वयंपाकघरात ऐकू जाते.

चोंबू म्हणजे काय ते आधी सांगायला हवे. तांब्याच्या आकाराचे, निव्वळ कथलाचे, हाताने ठोकून केलेले भांडे. आम्ही तंजावरकर, म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून इकडे आलेले मराठी लोक, चिंचेचे सार त्यातच करतो. दुसऱ्या भांड्यात केले तर ते सार नव्हे, चिंचेचे कढत पाणी, असे आई म्हणायची. पण कथील फार लवकर वितळते. म्हणून नियम एकच: आधी आत पाणी, मग खाली जाळ. रिकामा चोंबू गॅसवर राहिला की बघता बघता त्याचे थारोळे होते. घरात आलेल्या सुनेला पहिल्याच दिवशी हा नियम सांगतात आणि पुढे जन्मभर ती तो कधी मोडते याची वाट पाहतात. माझी बायको साताऱ्याची. तिच्याकडून ही अपेक्षा जरा जास्तच होती.

आता ट्रॅक्टर. आमची थोडी भातशेती पापनाशमकडे आहे. वडिलांनी कोणे एके काळी तिथे एक परदेशी ट्रॅक्टर जुनाच विकत घेतला होता. तो बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली. आमच्या वडिलांनी तो घेतला म्हणून नव्हे, त्याच्या आधीच. वडील गेल्यावर शेत आम्ही खंडाने दिले. खंडकऱ्याने हात जोडून सांगितले, "स्वामी, शेत ठेवतो, पण हे लोखंड तेवढे घेऊन जा." म्हणून शेत पापनाशमला राहिले आणि ट्रॅक्टर लॉरीत बसून तंजावरला आला, आमच्या घरामागे नारळाखाली. नांगरायला तिथे तुळशीची कुंडी तेवढी होती.

मी सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या फायली अडवून ठेवायच्या आणि संध्याकाळी हा ट्रॅक्टर सोडवायचा, असा माझा दिनक्रम सुरू झाला. सुटे भाग बाजारात मिळणे शक्यच नव्हते. ते मी घरी करू लागलो. गॅस्केट कापले साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून. डिझेलच्या टाकीला झाकण बसवले ते आईच्या मेतकुटाच्या डब्याचे. गिअरच्या दांड्याचा लट्टू केला वीणा करणाऱ्या सुताराकडून आणलेल्या फणसाच्या लाकडाच्या तुकड्याचा; त्यातून सूर निघत नसे, एवढीच उणीव. नातेवाईक येत, घरामागे जात, मान हलवत आणि म्हणत, "रक्तातच आहे." आमच्या लोकांना घोडा गेल्यापासून बसायला काहीतरी हवेच होते.

शेवटी अडले ते बेअरिंगशी. पिस्टनचा दांडा फिरत्या क्रँकला जिथे धरतो, तिथे आतून मऊ पांढऱ्या धातूचे अस्तर असते. दोन कठीण लोखंडांनी एकमेकांना खाऊ नये म्हणून मध्ये कोणीतरी मऊ लागते आणि ते झिजते. हे वाक्य इंजिनाविषयी आहे असे मला तेव्हा वाटे.

आमच्या ओळखीच्या लेथवाल्याने साचा करून दिला आणि धातू कोइंबतूरहून मागवला. पण मी भावाबहिणींना, मेहुण्यांना, झाडून सगळ्यांना सांगून बसलो होतो की यंदा आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, ट्रॅक्टर स्वतःच्या पायांनी कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारच्या, म्हणजे गणपतीच्या, देवळापर्यंत जाणार. आयुधपूजा परवावर आली आणि धातू आला नाही.

"चार दिवस थांबा, अण्णा," लेथवाला म्हणाला. "इतकी वर्षं उभा आहे. चार दिवसांत कुठे पळून जातोय?"

"निव्वळ कथील ओतलं तर?"

"मऊ पडतं. देवळापर्यंत नेईल. परत तुम्हांला ढकलत आणावा लागेल. पण कथील आणणार कुठून?"

"बघू," मी म्हणालो. सरकारी नोकरीत ही एक कला शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणे झाली. बायकोने भांडी घासली, ओटा पुसला आणि ती शिकवणीला गेली. गल्लीतल्या मुलांना ती हिंदी शिकवायची. आई आडवी झाली. मी फळीवरून चोंबू काढला. तो माझ्या आजीच्या सासूचा. चार पिढ्यांचे सार त्याने पाहिले होते. मी त्याला घरामागे नेले, पत्रे कापायच्या कात्रीने कापले, लोखंडी पळीत घालून रॉकेलच्या स्टोव्हवर धरले. कथील चांदीसारखे झाले, साच्यात सरळ उतरले. गार झाल्यावर घासायला घेतले. कुठे उंचवटा राहिला ते कळावे म्हणून कारखान्यात निळा रंग लावतात. मी कुंकू खोबरेल तेलात कालवून लावले. लाल डाग दिसेल तिथे खरवडायचे. असा आनंद मला आयुष्यात फार वेळा झालेला नाही, हेही कबूल करतो.

अर्ध्याहून अधिक कथील उरले. आणि आतून आईची खोकल्याची उबळ ऐकू आली. ती उठली की चहा मागणार, स्वयंपाकघरात येणार, फळीकडे पाहणार.

मी उरलेले कथील पुन्हा पातळ केले, पळी घेऊन आत गेलो आणि गॅसच्या शेगडीवर, बर्नरवर, ओतले. चोंबूची कापलेली कड वर ठेवली. माझा बेत असा होता, आणि या बेतावर मी बारा वर्षे जगलो आहे, की आईला सांगायचे: मी सार गरम करायला ठेवले आणि विसरलो. चूक माझीच म्हणायची, फक्त दुसरी, जरा बरी. पुरुषाने सार जाळले तर घरात हसतात.

पण आई दारात आली, तिने शेगडी पाहिली आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "मज ठाऊक होतें. एक दिवस हें होणारच होतें. साताऱ्याची ती."

एवढ्या तयार निकालापुढे अर्ज कोण करणार? मी पळी मागे नेऊन ठेवली.

बायको आली. शेगडीपाशी उभी राहिली. "मी गॅस बंद केला होता," ती म्हणाली. मग हळूच, "केला होता ना?" मग माझ्याकडे वळून, "अहो, तुम्ही घरातच होतात. वास नाही आला?"

"मी मागे होतो," मी म्हणालो.

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

आयुधपूजेला सगळे जमले. ट्रॅक्टरला चंदन लावले, झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबे ठेवली. तो निघाला. टाळ्या पडल्या. देवळापर्यंत गेला आणि तिथे पोटातून ठक ठक आवाज काढून थांबला. मेहुण्यांनी ढकलत परत आणला. आईने त्याच्या बॉनेटवर हात फिरवला. "म्हातारा झाला बिचारा," ती म्हणाली. "त्याला बोलूं नका." मग जेवणे झाली. सार पातेल्यात केले होते. प्रत्येक पानावर चोंबूची कथा एकदा वाढण्यात आली आणि बायको खाली मान घालून भात वाढत राहिली.

कोइंबतूरचा धातू चौथ्या दिवशी आला. त्याचे बेअरिंग अजून टिकून आहे. जुन्या ट्रॅक्टरांचे वेड असलेले लोक आता मोबाइल घेऊन लांबून येतात, चित्रफिती काढतात. एकाने विचारले, "सर, पहिल्यांदा बेअरिंग ओतलंत तेव्हा धातू कुठून मिळवलात?"

"घरगुती," मी म्हणालो. त्याने ते विनयाच्या खाती जमा केले.

बायकोने मात्र त्या दिवसापासून स्वतःवरचा विश्वास सोडला. घराबाहेर पडताना ती गॅसची खुंटी तीनदा पाहते. एकदा तिरुवैयारूला निघालो असताना अर्ध्या वाटेत बसमधून उतरली आणि मागे फिरली. गॅस बंद होता. मी तिला म्हणालो, "तू उगीच काळजी करतेस." हे वाक्य मी तिला शेकडो वेळा ऐकवले आहे आणि प्रत्येक वेळी आवाजात समजूतदारपणा होता. आई गेली, पण जाण्याच्या महिनाभर आधीही नव्या डॉक्टरिणीला सांगत होती: "आमच्या सुनेला आठवण कमी."

आमची मुलगी चेन्नईला असते. तिला नववा लागायचा आहे. गेल्या रविवारी फोन आला.

"आई, तू कधी येतेस? तीन मास तरी राह्यला पाहिजे हां."

"मी नको बाळ," बायको म्हणाली. "तुझ्या सासूबाईंना बोलाव. तान्हं पोर, त्याचं गरम पाणी, दुधाची बाटली. माझा काय भरवसा? चोंबू वितळवलेली बाई मी."

"अम्मा, तो एक पात्र होता! त्याला किती वर्षं झाली!"

"पात्रच होतं, म्हणून बरं." ती हसली. फोन ठेवल्यावर बराच वेळ ओटा पुसत राहिली. तो स्वच्छच होता. त्या पोरासाठी तिने लंगोट शिवून ठेवले आहेत, चोवीस. कपाटात आहेत.

मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. तोंड उघडले. "अजून वेळ आहे, बघू," असे त्यातून निघाले.

आमच्या घरात माझ्याखेरीज देवनागरी वाचणारी बायको एकटीच. मुलीला मराठी बोलता येते तेवढेच, मलाही ही लिपी तिनेच शिकवली. म्हणून हे देवनागरीत लिहिले आहे, आणि लिहून झाल्यावर ड्रॉवरमध्ये ठेवले तर तीही पळवाटच ठरेल, हे मला कळते. कागद पुढे सरकवून घरामागे जाऊन उभे राहणे, हेही मला सुचून गेले आहे.

मुलीच्या बाळंतपणाआधी, बायकोच्या समोर उभे राहून, मुलीला फोनवर ऐकू जाईल अशा आवाजात, मी बायकोला एवढे सांगण्याचे देणे लागतो: त्या दुपारी गॅस तू बंद केला होतास. ते अजून सांगितलेले नाही.