दारावरची पाटी

मावशी राहते त्या ज्येष्ठांच्या वसाहतीत प्रत्येकाची खोली, स्वयंपाक, कुलूप वेगळं. नियम एकच. झोपताना उलटी केलेली दारावरची लाकडी पाटी सकाळी आठच्या आत सुलटी करायची, म्हणजे आतलं माणूस उठलंय हे शेजाऱ्यांना कळतं. काळजीलाही वेळ ठरवून द्यायची, हे मला जरा कोरडंच वाटलं होतं.

मी मुक्कामाला होते तेव्हा चहा घेताना गप्पांच्या नादात पाटी राहिली. आठ वाजून पाच मिनिटांनी दार वाजलं. बाहेर तिघं म्हातारे. एकाच्या गालावर दाढीचा साबण तसाच.

"अहो, जिवंत आहे मी!" मावशी खेकसली. पाटी सुलटी करून तिने दार लावलं. मग म्हणाली, "नऊ माणसांच्या घरात चाळीस वर्षं पाचला उठले गं. एकदा तापाने फणफणले होते, तेव्हा आठला हाक आली. चहा कुठाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी माझ्या घरी दुधाची पिशवी आत घेताना मी उंबऱ्यातच थांबले. मीही एकटीच राहते. माझ्या दारावर नावाची पाटी आहे. मी उठले काय, न उठले काय, ती सुलटीच राहणार.