चिकाच्या रंगाचं कापड

माझी थोरली जाऊ पुष्पाबाई लग्नाला गेली की नवरी-नवरदेव नंतर बघायची, आधी वऱ्हाड्यांच्या बाह्या चाचपायची. कुणाची ख्यालीखुशाली विचारता विचारता हिची दोन बोटं त्याच्या उपरण्याच्या टोकाशी पोचलेलीच असत. "कापड बरं हाये, पन खय लई," असं तोंडावर सांगून मोकळी व्हायची. खळ म्हणजे कापड घट्ट अन् चकचकीत दिसावं म्हणून लावलेली कांजी; आमच्या सावद्याकडे ळचा य होतो, म्हणून ती खय. समोरच्याचं तोंड उतरायचं आणि मला पदराआड हसू दाबावं लागायचं. मी तिला अक्का म्हणायची. ती नसती तर त्या घरात माझा जीव रमला नसता, हे मी कुणालाही सांगेन.

आमचं घर शिंप्याचं. मोठे दीर जीवरामभाऊ आणि आमचे हे ओट्यावर मशिनी मांडून बसायचे. पण कापड गिऱ्हाइकाचं आणि शिलाई आमची, ही पिढ्यांची रीत. कापड आटलं, विरलं, रंग सुटला तर बोल दुकानदाराला, शिंप्याला नाही. म्हणजे कापडाची पारख आमच्या घरात कुणालाच लागत नव्हती, आणि ती नेमकी अक्काला होती. घरचे पुरुष तिची चेष्टा करायचे. मीही करायची, पण माझी वेगळी.

पंचावन्न साल असेल. काम रोडावलं होतं आणि जीवरामभाऊंना सुरतेच्या एका कपड्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की जातो, म्हणाले. एकटेच जाणार होते. त्याच आठवड्यात एका बारशाला जाऊन तिनं कुणाच्याही कपड्याला हात लावला नाही, तेव्हा मला कळलं की हिच्या मनात काय चाललंय.

आणि अशात हिलालआबा आले. केळी कापणाऱ्या टोळीचे मुकादम. मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्या दिवशी ओट्यावर बसून हळूच बोलले.

"जीवराम, माह्या गड्यांच्या बंड्या पाह्यल्या का? लगनात जेवाले बसले तं लोक पाट दूर सरकवता."

खरं होतं ते. केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो. वाळला की काळपट तपकिरी होतो, आणि मग कापड फाटेल पण डाग निघणार नाही. घड खांद्यावर वाहणाऱ्या माणसाची बंडी एका कापणीत चितकबरी होते.

"डाग दिसनार नही अशी बंडी दे. कापडासकट तयार दे. मंग समद्या टोयीचं काम कायमचं तुह्याकडे."

"आबा, कापड तुमी आना, मी शिवतो," जीवरामभाऊ म्हणाले. रीतच ती.

"मले कापडातलं काय कयतं?"

"मले तरी कुठी कयतं?"

आबा उठायला लागले, तेवढ्यात माजघरातून आवाज आला, "होईन, आबा! कापड मी निवडीन!"

माझ्या हातातला तवा पडायचा राहिला. बाहेर बसलेल्या परक्या माणसाशी आतून ओरडून बोलायचं! आबा हसले आणि विसार ठेवून गेले. जीवरामभाऊंनी अक्काकडे जे पाहिलं ते मी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जळगावला. पिशवीत भाकरी आणि केळीच्या खोडाचा हिरवागार तुकडा. कापडबाजारात रतिलालशेठचं दुकान होतं. शेठ स्वभावानं गोड, तोंडात सुपारी, प्रत्येक बाईला बेन म्हणणारे. त्यांनी लाँगक्लॉथ दाखवलं, ड्रिल दाखवलं, खाकी दाखवली. अक्कानं एकेक कापड आपल्या निळ्या लुगड्यावर घासलं. खळीची पांढरी भुकटी पडली की बाजूला. उजेडात धरून पाहिलं, तिरकं ओढलं, एक दोरा काढून दातात धरून पाहिला. आणि मग, याचा डाग दिसायला नको, असं सांगत चीक टाकून बघायला पिशवीतून खोड काढलं.

"अरे बेन, बेन! गादीवर नको!" शेठ उभेच राहिले.

"काया रंगाचं दाखवू का?" असं त्यांनी आमच्या बोलीत विचारलं, म्हणजे चिकाचा डाग त्यात मिटून जाईल. डोकं चांगलं होतं माणसाचं. पण काळी बंडी घालून लग्नात कोण जेवायला बसणार? अक्कानं मान हलवली. शेवटी तिची नजर मागच्या फळीवर गेली. तिथं एक कोरं, जाडंभरडं मांजरपाट पडलं होतं.

"ते तर गाद्यांच्या खोळींचं!" शेठ म्हणाले.

"त्याचा बी तुकडा द्या."

सगळ्या कापडांचे नमुने घेऊन आम्ही घरी आलो. अक्कानं प्रत्येकावर चीक टाकला, वाळवला आणि मला म्हणाली, "कुंदे, सोड्याच्या पान्यात भिजव, सकायी धुऊ."

आता ऐका माझी अक्कल. अंगणात दोन पिंपं होती. एकात सोड्याचं पाणी; दुसऱ्यात केळीची सोपटं भिजत घातलेली. खोडाची ती सालं आमच्याकडे दोरीसारखी बांधायला वापरतात, आणि भिजली नाहीत तर तुटतात. मी बोलत बोलत नमुने टाकले ते सोपटांच्या पिंपात! सावदा-रावेरची बाईच हा घोळ घालू जाणे.

सकाळी अक्कानं हात घातला आणि अशी किंचाळली की शेजारीण धावत आली. सगळे तुकडे तपकिरी!

"व माय, कुंदे! वाटोयं केलं तू!"

मी रडायलाच लागले. माझ्यामुळे जीवरामभाऊ सुरतेला जाणार, दुसरं काही सुचेना. अक्कानं रागारागानं एकेक तुकडा दगडावर आपटला आणि मग एक उचलून उजेडात धरला. मी डोळे पुसून पाहिलं. लाँगक्लॉथवर ढगासारखे धब्बे. ड्रिलवर पट्टे. खळ जिथं राहिली तिथं रंग धरलाच नव्हता. आणि खोळीचं मांजरपाट? त्याला खळ नव्हतीच. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं, गुळाच्या चहाच्या रंगाचं झालं होतं.

"कुंदे, हेच्यावर मी चीक टाकला होता ना? डाग कुठी हाये?"

दोघींनी शोधला. उन्हात शोधला, सावलीत शोधला. ताजा चीक टाकला, वाळवला, धुतला, पुन्हा शोधला. नव्हताच. डाग ज्या रंगाचा पडणार तोच रंग आधी अख्ख्या कापडाला! अक्कानं मला अशी मिठी मारली की माझ्या बांगड्या वाढल्या, आणि तेव्हा मी पुन्हा रडले, पण ते रडणं निराळं.

आता त्या मांजरपाटाचा अख्खा ताका, म्हणजे पूर्ण गठ्ठा, आणायचा होता. पुन्हा जळगाव. शेठनी ताका समोर ठेवला आणि म्हणाले, "डोळे मिटून घ्या, बेन."

"डोये उघडे ठेवूनच घेईन. पूर्ण उलगडा."

"पूर्ण? दुकानात जागा कुठे आहे?"

"रस्त्यावर."

"बेन, लोक म्हणतील रतिलालचं दिवाळं निघालं!"

पण अक्का बाहेर पडलीसुद्धा. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं शेठच्या. मी मागे मागे जात राहिले, कापड सुटत राहिलं, टांगेवाला थांबला, समोरचे दुकानदार पायरीवर आले. अक्का मधून चालली, हाताचे पंजे कापडाच्या खालून-वरून फिरवत. मधेच थांबली.

"शेठ, हे पाहा."

शेठ टोक सोडून धावत आले. तिथं हातभर जागेत वीण विरळ होती, पलीकडचं बोट दिसत होतं. चिकाच्या पाण्यात ती जागा वेगळीच दिसली असती. शेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आई शपथ, बेन, मला माहीत नव्हतं. घडीच्या आत होतं." आणि मग गृहस्थाला जे स्फुरण चढलं! आपल्याच हातानं दुसरा ताका आणला, तोही नको झाला, तिसरा आणला. तिसऱ्याला तर तेच मला ओरडून सांगत होते, "ओढा, बेन, ओढा! अजून मागे जा!" तो ताका पहिल्या घडीपासून शेवटपर्यंत एकजात निघाला. रस्त्यावरच्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अक्काचं तोंड असं फुललं होतं की शेठनी घडी घालून ताका तिच्या हातात दिला तो अगदी मान राखून.

घरी आल्यावर जीवरामभाऊ कात्री घेऊन तयार. अक्कानं ताका मागे ओढला. "आधी पानी पाजा त्याले. आटायचं ते आधी आटू द्या." सोपटाच्या पाण्यात कापड आटलंही आणि रंगलंही. मग त्यांनी बंडी बेतली. बेतायला त्यांचा हात देवानं दिलेला होता. खांद्यावर घड टेकतो तिथं त्यांनी आपण होऊन दुहेरी पट्टी टाकली. आबा ती पहिली बंडी घेऊन गेले.

मग वाट पाहणं. कापण्या चालू होत्या, आबा फिरकले नाहीत. आखाजीच्या आदल्या दिवशी जीवरामभाऊंची ट्रंक भरून दारात आली. अक्का पुरणाची डाळ निवडत होती आणि खडे सोडून डाळच बाजूला टाकत होती. मी तिला काही म्हणाले नाही.

दुपारी आबा आले. अंगातली बंडी काढून त्यांनी मशिनीवर टाकली.

"रोज घातली, जीवराम. रोज धुतली. डाग दाखव मले."

जीवरामभाऊंनी बंडी उलटीपालटी केली. खांदे पाहिले, शिवणी पाहिल्या.

"नही दिसत, आबा."

"मंग समद्या गड्यांच्या शिव. कापड हेच पाह्यजे. आतून बोलली तिनंच निवडलं का हे?"

जीवरामभाऊंनी माजघराच्या दाराकडे पाहिलं. "हिनं," म्हणाले. "मी नुसतं शिवलं." आणि मग माझे ते कमी बोलणारे दीर आबांसमोरच, मोठ्यानं म्हणाले, "पुष्पे, जयगावले दुसरा ताका आनाले कधी जाऊ आपुन?"

अक्काच्या मांडीवरचं सूप कलंडलं. सगळी डाळ जमिनीवर. ती तशीच बसून राहिली, रडते की हसते ते मलाही कळेना, आणि तिचं मन मला कळलं नाही असं कधी झालं नव्हतं.

जीवरामभाऊंनी दारातली ट्रंक उघडली, कपड्यांखालून आपली कात्री आणि मापाची पट्टी काढली आणि आबांना म्हणाले, "गड्यांले बोलवा आबा, मापं घेतो."