डॉक्टरांचे दगड

तिला सगळे खारूताई म्हणत. हे नाव तिच्या भाचीनं लहानपणी ठेवलं होतं. आत्याचे हात नेहमी खारट लागतात आणि ती दिवसभर इकडून तिकडे तुरुतुरु पळत असते, म्हणून. आता भाची लग्न होऊन गेली, खारूताईनं पन्नाशी ओलांडली, पण नाव आणि खारटपणा दोन्ही तसेच राहिले.

दुकान थोरल्या भावाचं, दादाचं. शोभेच्या माशांचं. पुढे दादा खुर्चीत बसून गिऱ्हाइकांशी बोलायचा आणि मागच्या बिनखिडकीच्या खोलीत खारूताई मीठ कालवायची, टाक्या घासायची, आजारी मासे वेगळे काढायची. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. राहायचं दुकानावरच्या मजल्यावर, दादा-वहिनींबरोबर. त्यामुळे तक्रार करायची तरी कुणाकडे?

एके दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांचा माणूस दोन टब घेऊन आला. डॉक्टर वर्षभर परदेशी होते. दवाखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी कुणी बघितलीच नव्हती. टबांत समुद्रातले दगड होते. असे दगड जिवंत असतात. त्यांच्या भोकाभोकांत बारीक जीव राहतात आणि तेच टाकीतलं पाणी स्वच्छ ठेवतात. हे मात्र काळे पडले होते आणि सडक्या अंड्यांसारखे घाण मारत होते.

"महिन्यात जिवंत करून देतो," दादानं फोनवर सांगून टाकलं.

"दादा, तीन महिने तरी लागतील," ती म्हणाली.

"तू लाग कामाला. पुढचं मी बघतो."

तिनं एकेक दगड खाऱ्या पाण्यात धरून ब्रशनं घासला. कुजलेलं चिमट्यानं ओढून काढलं. बोटं सोलवटली आणि मिठानं चुरचुरली. मग दगड स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवले, पाणी फिरतं राहावं म्हणून पंप सोडला, शेवाळ माजू नये म्हणून वर झाकण घातलं. दुकानातल्या टाकीतला एक निरोगी दगडही शेजारी ठेवला, त्याच्यातले जीव इकडे पसरावेत म्हणून. दर चार दिवसांनी ती पाणी बदलायची आणि नळीत औषधाचे थेंब टाकून बघायची. नळी हिरवी झाली की विष आहे, पिवळी राहिली की नाही. नऊ आठवडे नळी हिरवीच होत राहिली आणि दादा डॉक्टरांना फोनवर पुढची तारीख देत राहिला.

दहाव्या आठवड्यात ती पिवळी राहिली. त्यानंतर एका सकाळी तिनं झाकण उचललं तर दगडावर नखाएवढा जांभळा डाग धरला होता आणि एका भोकातून दोऱ्यासारखा बारीक पाय बाहेर आला होता. कुठलासा जीव हे सगळं सोसून तगला होता. ती धावत पुढे गेली.

"दादा, बघ तरी येऊन!"

"गिऱ्हाईक आहे ना गं," दादा म्हणाला.

डॉक्टर स्वतः दगड न्यायला आले आणि थक्क झाले. "कमाल केलीत तुम्ही!"

"अनुभव आहे, डॉक्टर. हात बसलाय," दादा म्हणाला. खारूताई टब धरून शेजारीच उभी होती. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, "माझी बहीण. मदतीला असते."

"परवा दवाखान्याचं पुन्हा उद्घाटन आहे. बारा मासे सोडले तर चालतील?"

"एकदम बारा नकोत, तेवढ्यांची घाण या दगडांना अजून झेपायची नाही," खारूताई मध्येच बोलली. "आधी एकच सोडा, मग महिन्यानं..."

"तिला उगाच काळजी," दादा हसला. "सोडा की बिनधास्त."

पाचव्या दिवशी मासे मेले, पाणी दुधासारखं झालं. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा खारूताई वहिनींची औषधं आणायला गेली होती. "दगड नळाखाली चांगले खळखळून धुवा," दादानं सांगितलं. ती परत आली तेव्हा हे त्यानं तिला सहज सांगितलं. नळाचं गोडं पाणी लागलं म्हणजे दगडांतलं उरलंसुरलं सगळं गेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तणतणत आले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती.

"दगडांचं सगळं काम हिनं केलं होतं," दादा म्हणाला. "खरं सांगतो, मी हातसुद्धा लावला नव्हता."

तीस वर्षांत पहिल्यांदा तो चारचौघांत खरं बोलला होता.

"हो, मीच केलं," खारूताई म्हणाली. "आणि बारा मासे सोडू नका, असंही मीच सांगितलं होतं."

डॉक्टरांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. "असलं काम बहिणीवर सोडायचं असतं का हो?" ते दादाला म्हणाले आणि दगडांचं पोतं दारात टाकून निघून गेले.

दुपारी दादा मागच्या खोलीच्या दाराशी आला. "बघ ना, खारू, काही होतंय का."

"तूच बघ. तुझा हात बसलाय ना," ती म्हणाली आणि हात पुसून बाहेर पडली. जिन्यापर्यंत गेली. वर गेलं की वहिनी विचारणार, आज लवकर कशी. रस्त्यावर जावं तर ओळखीचं असं कुणाचं दारच नव्हतं. ती जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसून राहिली, सहा वाजेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता ती कामावर आली. माशांना खायला घालायचं होतं, त्यांनी काय कुणाचं वाकडं केलं होतं? पोत्याला मात्र तिनं हात लावला नाही. आठवड्यात वासानं गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावू लागली, तेव्हा दादानं ते स्वतः ओढत कचऱ्यापर्यंत नेलं.