आत्याची हाळी

हिरव्या वांग्यांचा ओलसर गंध आला की आजही कानी प्रथम आत्याची हाळी घुमते. धामणगाव बढेच्या आठवडी बाजारात तिचा तो खणखणीत, लांबवलेला सूर, "घ्या वं बाई, कवळी वांगी!", साऱ्या कोलाहलावर स्वार होई. अर्धांगवायूच्या एका झटक्याने तो सूर थिजला, आणि जिच्या जिभेला अख्खा बाजार वचकून असे, ती माझी विधवा आत्या 'पाणी' म्हणतानाही चाचपडू लागली.

खरं सांगू? तिची अर्धी वाणी आजाराने नेली, उरलेली आम्ही! समाचाराला येणारे तिच्या कानाशी ओरडत, जणू ती बहिरीच झाली होती. तिने 'च' म्हणायचा अवकाश, मी चहाचा कप पुढे करी आणि स्वतःच्या मायेवर खूश होई. मेली ती माया! माणसाच्या तोंडचा शब्द पळवायचा आणि वर सेवा केली म्हणून मिरवायचं?

वाचा-उपचार करणारी बुलढाण्याची ताई मात्र थांबायची. वांगं आत्यापुढे धरून, आम्हाला डोळ्यांनी दटावून, नुसती थांबायची. शब्द अडलाच, तर मांडीवर ठेका धरून आत्याच्याच हाळीच्या चालीवर तो गाऊन घ्यायची. आणि काय नवल, बोलताना हरवलेला शब्द सुरात सापडायचा! असे कित्येक महिने गेले, तेव्हा कुठे "मले... भाकर... दे" एवढं जुळलं.

मग आत्याच्या लेकीच्या, सरूच्या सोयरिकीची बैठक बसली. नर्सिंगचं शेवटचं वर्ष पुरं करू द्या, म्हणून सरू आठ दिवस रडत होती. ते आत्याखेरीज ऐकलं कोणी? सुपारी फोडण्याआधी मुलीच्या आईचा होकार घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. "काय वयनी, पसंत हाये ना?" आत्याच्या धाकट्या दीरांनी विचारलं आणि श्वासही न घेता स्वतःच सांगून टाकलं, "हाव म्हनते थे!" सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण धडधाकट जिभेची मी? गप्प!

आत्याचा हात मांडीवर पडला. एकदा, दोनदा. आणि बाजारातल्या त्याच चालीवर, फाटक्या आवाजात, तिने सूर लावला, "थां...बा! पोरीले... इचारा!"

सुपारी तशीच ताटात राहिली. सरू आता कॉलेजात आहे.

परवा बाजारात वांग्यांच्या ढिगाशी एकीने मला विचारलं, "आत्या कशी हाये वं?" आत्या शेजारीच उभी होती. उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, आणि थांबले.